एक मूळ प्रत, हजार संगणक

संगणकावर विंडोज टाकायला किती वेळ लागतो? घरी एकदाच टाकून पाहिलेला माणूस म्हणेल, अर्धा तास. ज्याचं ते रोजचं काम आहे तो उलट विचारेल, "नुसतं विंडोज, की मशीन कामाला लावून द्यायचं?" कारण विंडोज बसलं की ड्रायव्हर येतात, मग अपडेट्स, मग ऑफिस, अँटिव्हायरस, मराठी कीबोर्ड, हिशेबाचं सॉफ्टवेअर, तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर. एका मशीनमागे तीन तास धरले तर दोनशे मशीनचे सहाशे तास होतात. आठ तासांच्या दिवसाने ते एका माणसाचे पंच्याहत्तर दिवस झाले. एवढं करूनही दोनशे मशीन एकसारखी होत नाहीत. सोमवारी बसवलेल्या मशीनवर एखादी खूण करायची राहून जाते, गुरुवारच्या मशीनवर प्रिंटरचा ड्रायव्हर नवा पडतो, आणि पुढची दोन वर्षं "त्याच्याकडे चालतं, मग माझ्याकडे का चालत नाही?" या तक्रारीमागे धावण्यात जातात.

यावरचा उपाय कुणालाही सुचेल असा आहे. एकच मशीन मन लावून तयार करायचं, त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये घ्यायची आणि ती फाइल बाकीच्या मशीनवर उतरवायची. या फाइलला रेफरन्स इमेज म्हणतात. कुणी मास्टर इमेज म्हणतं, कुणी गोल्डन इमेज. बँकांच्या शाखा, कॉल सेंटरं, विद्यापीठांच्या लॅब, सरकारी कचेऱ्या यांतली बहुतेक मशीन कधी ना कधी अशाच एखाद्या फाइलमधून निघालेली असतात.

नक्कल करण्याचं तंत्र १९९०च्या दशकाच्या मध्यालाच हाती आलं होतं. त्यानंतरची जवळजवळ तीस वर्षं दुसऱ्याच प्रश्नात गेली. नकलेत काय असू नये, हा तो प्रश्न. आधी मशीनची ओळख इमेजमधून बाहेर काढावी लागली, मग हार्डवेअर, मग सॉफ्टवेअर, आणि अलीकडे तर इमेजच काढून टाकायची भाषा सुरू झाली आहे. या प्रकरणात आपण हीच वजाबाकी पाहणार आहोत.

ऑकलंडचं भूत

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात बायनरी रिसर्च नावाच्या कंपनीसाठी मरे हॅझर्ड यांनी १९९५ मध्ये घोस्ट हा प्रोग्राम लिहिला. १९९८ मध्ये सिमँटेकने तो विकत घेतला आणि नॉर्टन घोस्ट या नावाने तो जगभर गेला. 'घोस्ट मारून दे' हे वाक्य आपल्याकडच्या हार्डवेअरवाल्यांच्याही तोंडी बसलं.

घोस्टची युक्ती साधी होती. चालू विंडोज स्वतःच्या फाइली घट्ट धरून बसलेलं असतं. रजिस्ट्रीसारख्या फाइलींना ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. म्हणून घोस्ट डॉसच्या फ्लॉपीवरून सुरू व्हायचा. विंडोज सुरूच झालेलं नसल्यामुळे पूर्ण डिस्क निवांत वाचता यायची. शिवाय त्याला डिस्कवरची फाइलींची मांडणी समजायची. त्यामुळे मोकळी जागा तो सोडून द्यायचा आणि लहान डिस्कची इमेज मोठ्या डिस्कवरही उतरवायचा.

खरा चमत्कार पुढे आला, तो नेटवर्कवर. १० जीबीची एक इमेज शंभर मशीनना एकेक करून पाठवायची तर सर्व्हरच्या तारेतून १,००० जीबी जावे लागतात. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर, काहीही अडथळा आला नाही तरी, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर तीच १० जीबी एकदाच सोडतो आणि शंभरही मशीन ती एकाच वेळी टिपून घेतात. कागदावर हिशेब दीड मिनिटावर येतो. प्रत्यक्षात त्यातल्या सर्वांत मंद डिस्कच्या मशीनसाठी बाकी नव्याण्णव जण थांबतात, आणि जुना स्विच असेल तर तो हा प्रवाह इमारतभर पसरवून इतरांचं काम बंद पाडतो. तरीही संध्याकाळी सुरू केलेली लॅब सकाळी तयार मिळू लागली.

जुळ्यांची अडचण

पेणच्या कारखान्यात एका साच्यातून शेकडो गणपती निघतात, पण डोळ्यांची आखणी साच्यात नसते. ती शेवटी, प्रत्येक मूर्तीवर हाताने होते. घोस्टने डोळे आखून झालेल्या मूर्तीचाच साचा काढला होता.

विंडोज बसताना मशीन स्वतःसाठी एक ओळखक्रमांक तयार करतं. त्याला एसआयडी म्हणतात. एस-१-५-२१ अशी त्याची सुरुवात असते आणि पुढे तीन लांबलचक आकडे. त्या मशीनवरच्या प्रत्येक स्थानिक खात्याचा क्रमांक याच आकड्यांना शेपूट जोडून बनतो. मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची शेपूट नेहमी ५०० असते, नंतर उघडलेल्या खात्यांची हजारापासून पुढे. एखाद्या फाइलवर कुणाला परवानगी आहे हे लिहिताना विंडोज माणसाचं नाव लिहीत नाही, हा क्रमांक लिहितं. आता एकाच इमेजमधून शंभर मशीन निघाली की शंभर ठिकाणी एकच क्रमांक. पहिल्या मशीनवरची सविता आणि चाळिसाव्या मशीनवरचा समीर विंडोजच्या लेखी एकच व्यक्ती.

हे किती धोकादायक? यावरचा वाद वाचण्यासारखा आहे. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९७ मध्ये न्यूएसआयडी नावाचं एक छोटं साधन मोफत दिलं. नक्कल उतरवल्यावर ते चालवलं की मशीनचा क्रमांक बदलायचा. बारा वर्षं जगभरच्या अ‍ॅडमिन मंडळींनी ते श्रद्धेने चालवलं. मग नोव्हेंबर २००९ मध्ये खुद्द रसिनोविच यांनीच जाहीर केलं, की ही भीती निराधार आहे. नेटवर्कवर एक मशीन दुसऱ्याचा हा क्रमांक तपासतच नाही, डोमेनमध्ये, म्हणजे संस्थेच्या एकत्रित खात्यांच्या व्यवस्थेत, गेलेल्या मशीनला तिथला वेगळा क्रमांक मिळतो, आणि खरी अडचण फक्त डोमेन कंट्रोलर बनवायच्या मशीनची आहे. त्यांनी न्यूएसआयडी बंद केलं. मायक्रोसॉफ्टचा अधिकृत नियम मात्र तोच राहिला: नक्कल करायची तर आमच्याच सिसप्रेप या साधनाने मशीन तयार करून घ्या.

ज्यांनी तो नियम सोडून दिला त्यांना २०२५ मध्ये हिशेब चुकता करावा लागला. २९ ऑगस्ट २०२५ आणि त्यानंतरच्या अपडेट्सनी विंडोज ११च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्यांवर आणि विंडोज सर्व्हर २०२५ वर एसआयडीची तपासणी कडक केली. एकच क्रमांक असलेली दोन मशीन परस्परांशी बोलू लागली की ओळख पटवण्याची प्रक्रियाच फसू लागली. पासवर्ड बरोबर असूनही तो पुन्हा पुन्हा विचारला जायचा, शेअर केलेलं फोल्डर उघडायचं नाही, रिमोट डेस्कटॉप जोडला जायचा नाही. मायक्रोसॉफ्टने सांगितलेला कायमचा उपाय एकच होता: ती मशीन योग्य पद्धतीने नव्याने बनवा.

एसआयडी हा यातला गाजलेला क्रमांक. रोज त्रास देणारे दुसरेच असतात. कंपनीत अपडेट्स वाटणाऱ्या डब्ल्यूएसयूएस सर्व्हरशी बोलण्यासाठी प्रत्येक मशीन एक क्रमांक बाळगतं. तोही नकलेत गेला की पन्नास मशीनऐवजी यादीत एकच दिसतं आणि त्याचं नाव मात्र दर थोड्या वेळाने बदलत राहतं. परवाने देणारा केएमएस सर्व्हर निदान पंचवीस वेगवेगळी विंडोज मशीन मोजल्याशिवाय कुठल्याही डेस्कटॉप विंडोजला अ‍ॅक्टिव्हेट करत नाही. कच्च्या नकलेतून साठ मशीन बसवली तर त्याच्या मोजणीत एकच येतं, आणि साठांच्या साठ पडद्यांवर 'विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा' झळकत राहतं. लिनक्सवालेही यातून सुटलेले नाहीत. तिथे मशीन-आयडी नावाच्या फाइलमधला क्रमांक सारखा राहिला तर काही आवृत्त्यांत दोन मशीन एकच आयपी पत्ता मागतात. सर्व्हरच्या एसएसएच किल्ल्या इमेजमध्ये राहिल्या तर एकाची गुप्त किल्ली सगळ्यांचीच होते.

या सगळ्यांत घातक वारसा पासवर्डचा. इमेज बनवताना स्थानिक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला एक पासवर्ड दिला जातो आणि तोच हजार मशीनवर जातो. घुसखोराला रिसेप्शनवरच्या एका मशीनवर त्या पासवर्डचा साठवलेला ठसा मिळाला की हिशेबनीसाच्या मशीनचं दारही उघडतं. याला उत्तर म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये लॅप्स हे साधन दिलं. ते प्रत्येक मशीनचा पासवर्ड वेगळा ठेवतं आणि ठरावीक काळाने आपोआप बदलतं.

विसरायला लावणारं साधन

सिसप्रेपचं काम जवळून पाहिलं तर इमेज बनवण्यातलं कसब कळतं. आजकाल मूळ मशीन खरंखुरं नसतं. हायपर-व्हीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक आभासी मशीन उघडतात, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या हार्डवेअरचे अवशेष त्यात राहत नाहीत. त्यात विंडोज टाकतात. देश आणि कीबोर्ड विचारणारा पहिला पडदा आला की काहीही न निवडता कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ या तीन कळा एकदम दाबतात. मशीन पुन्हा सुरू होतं आणि थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या डेस्कटॉपवर येतं. ही ऑडिट अवस्था. मधोमध सिसप्रेपची छोटी चौकट उघडीच असते. या अवस्थेत कुणाचंही खातं न बनवता सॉफ्टवेअर टाकता येतं, अपडेट्स घेता येतात. डोमेनमध्ये मात्र मशीन न्यायचं नसतं.

सगळं मनासारखं झालं की त्या चौकटीत 'जनरलाइज'वर खूण करायची आणि शटडाउन निवडायचं. मग सिसप्रेप एकेक गोष्ट पुसत जातं: मशीनचा एसआयडी, संगणकाचं नाव, हार्डवेअरच्या नोंदी, परवान्याची मोजणी, घटनांच्या नोंदवह्या. मशीन बंद पडतं. आता ते पुन्हा सुरू करायचं नाही. सुरू केलं की ते स्वतःला नवं मशीन समजून नवी ओळख घडवू लागेल आणि केलेली मेहनत वाया जाईल. या मिटलेल्या अवस्थेतच त्याची इमेज घ्यायची.

प्रत्यक्षात बरेचदा सिसप्रेप मध्येच अडून बसतं. 'विंडोजची तपासणी करता आली नाही' एवढंच मोघम सांगून ते थांबतं. अनुभवी माणूस मग थेट सिस्टिम३२ मधल्या सिसप्रेप फोल्डरात जातो, पँथर नावाच्या उपफोल्डरातली नोंदवही उघडतो आणि शेवटच्या ओळी वाचतो. तिथे बहुतेकदा स्टोअरमधल्या एखाद्या अ‍ॅपचं नाव सापडतं. ऑडिट करताना इंटरनेट चालू राहिलेलं असतं, स्टोअरने मागच्या मागे ते अ‍ॅप एका खात्यापुरतं अपडेट केलेलं असतं, आणि जे सर्वांसाठी नाही ते सिसप्रेप पुढे जाऊ देत नाही. अ‍ॅप काढायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. म्हणूनच हे काम करणारे लोक सिसप्रेपच्या आधी आभासी मशीनचा चेकपॉइंट, म्हणजे परत येता येईल असा टप्पा, घेऊन ठेवतात आणि शक्य असेल तर नेटवर्कची तार काढूनच कामाला बसतात.

हार्डवेअर बाहेर

विंडोज एक्सपीच्या काळात ओळख पुसूनही काम भागत नसे. विंडोज आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये एचएएल नावाचा एक थर असतो, आणि एक्सपी बसताना समोरच्या मशीनला जुळणारा प्रकार निवडून तोच कायम ठेवत असे. एका प्रकारच्या मशीनवर घेतलेली इमेज दुसऱ्या प्रकारावर उतरवली की मशीन सुरूच होत नसे. डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर वेगळा निघाला तर निळा पडदा आणि त्यावर शेवटी ७बी. अर्थ असा, की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तीच विंडोजला दिसत नाही. परिणामी मोठ्या कंपन्या संगणकाच्या प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी इमेज सांभाळत बसत. पाच मॉडेल म्हणजे पाच इमेज, आणि एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की पाचही नव्याने.

विंडोज व्हिस्टाची जनतेने थट्टाच केली, पण इमेजिंगच्या इतिहासात तिचं स्थान मोठं आहे. तिच्यापासून एचएएलची अट सुटली आणि विम हा नवा इमेज-प्रकार आला. घोस्टची इमेज डिस्कची नक्कल होती, विम फाइलींची. प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून एक ठसा काढायचा, आणि तोच ठसा पुन्हा आला तर फाइल दुसऱ्यांदा साठवायची नाही. त्यामुळे विंडोजच्या होम आणि प्रो अशा अनेक आवृत्त्या एकाच फाइलमध्ये बसतात आणि जागा जवळजवळ एकीचीच लागते. शिवाय विम फाइल एखाद्या फोल्डरसारखी उघडून, विंडोज सुरू न करताच, तिच्यात ड्रायव्हर किंवा अपडेट घालता येतो.

फारशी माहीत नसलेली गोष्ट अशी, की व्हिस्टापासून विंडोजची इन्स्टॉलेशन डिस्क हीच एक रेफरन्स इमेज आहे. तिच्यातली इन्स्टॉल.विम ही फाइल मायक्रोसॉफ्टने सिसप्रेप करून बंद केलेलं मशीन असतं. आपण घरी 'विंडोज टाकतो' तेव्हा ती इमेज उतरवून तिला आपल्या मशीनची ओळख देत असतो. विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताना 'फाइल फार मोठी आहे' असा अडथळा आलेल्यांची या फाइलशी ओळख झालेलीच आहे. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची फाइल मावत नाही आणि ती हल्ली त्याहून मोठी असते.

एफ१२ दाबल्यावर

इमेज तयार झाली की ती कोऱ्या मशीनपर्यंत न्यायची. कोऱ्या डिस्कवर काहीच नाही, मग मशीन नेटवर्कवर येणार कसं? याचं उत्तर पीएक्सई. इंटेलने पुढाकार घेऊन घडवलेल्या या मानकाची २.१ ही आवृत्ती १९९९ ची आहे. मशीन सुरू करताना एफ१२ दाबलं की नेटवर्क कार्डातला छोटा प्रोग्राम जागा होतो आणि हाक मारतो: मला पत्ता द्या, आणि सुरू कुठून होऊ तेही सांगा. डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो, बूट सर्व्हर फाइलीचं नाव सांगतो. टीएफटीपी या जुन्या, अगदी बाळबोध पद्धतीने ती फाइल येते. तिच्या मूळ रीतीत दर ५१२ बाइटला पोच द्यावी लागते, म्हणून आजचे सर्व्हर तुकड्याचा आकार वाढवून घेतात.

मग विनपीई नावाचं छोटं विंडोज सगळंच्या सगळं रॅममध्ये उतरतं. त्याच्या ड्राइव्हचं अक्षर एक्स. आता डिस्क पूर्ण मोकळी आहे. डॉसच्या फ्लॉपीचीच युक्ती, फक्त फ्लॉपी नाही. इथून पुढे टास्क सीक्वेन्स, म्हणजे कामांची क्रमवार यादी, ताबा घेते: डिस्कचे भाग पाडा, विम उतरवा, बूट होण्याची सोय करा. मशीनचं मॉडेल कुठलं हे विचारून नेमके तेवढेच ड्रायव्हर घाला, नाव द्या, डोमेनमध्ये न्या, सॉफ्टवेअर टाका. अ‍ॅडमिन फक्त प्रगतीची पट्टी पाहतो. ओळख आणि हार्डवेअर ही दोन्ही आता इमेजमध्ये नाहीत. उतरताना, त्या त्या मशीनपुरती, ती घातली जातात.

जाड इमेज, बारीक इमेज

राहिलं सॉफ्टवेअर. सगळं आत भरलेल्या इमेजला जाड इमेज म्हणतात. ती उतरली की मशीन लगेच वापरायला तयार. लॅबला किंवा कॉल सेंटरला हे सोयीचं. पण मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, ब्राउझर त्याहून वेगाने बदलतो. जानेवारीत घेतलेली इमेज जूनमध्ये उतरवली तर मशीन पहिले काही तास पाच महिन्यांची भोकं घेऊन नेटवर्कवर बसतं. बारीक इमेजमध्ये फक्त विंडोज आणि ताजे अपडेट्स ठेवतात, बाकीचं सगळं टास्क सीक्वेन्स नंतर टाकते. वेळ जास्त जातो, पण जे टाकलं ते ताजं असतं. बहुतेक संस्था मधला मार्ग धरतात. सगळ्यांना लागणारं आणि क्वचित बदलणारं आत, बाकी बाहेर.

लिनक्सच्या जगात याही पलीकडचा विचार लवकर झाला. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी १९९९ च्या सुमारास फाय ही पद्धत सुरू केली. तिच्यात तयार डिस्क जपायची नसते, ती कशी घडवायची याची लेखी कृती जपायची असते. मशीन सुरू झालं की ते ती कृती वाचून स्वतःला बसवून घेतं. म्युनिक महापालिकेने लिनक्सकडे वळण्याच्या लिमक्स प्रकल्पात आपल्या हजारो डेस्कटॉपसाठी हीच पद्धत वापरली. तैवानमधल्या राष्ट्रीय संगणन केंद्राने घडवलेलं क्लोनझिला मात्र घोस्टच्याच वंशातलं. ते मोफत आहे, डिस्कवरचे वापरलेले तेवढेच भाग उचलतं, आणि मल्टिकास्टही करतं.

आपल्या देशातलं मोठं उदाहरण केरळचं आहे. तिथल्या सरकारी शाळांच्या तंत्रशिक्षणाची जबाबदारी असलेल्या काईट या संस्थेने उबुंटू १८.०४ वर आधारलेली स्वतःची आवृत्ती तयार केली. तिच्यात भूमितीसाठी जिओजेब्रासारखी साधनं आणि मल्याळम लेखनाची सोय आधीपासूनच बसवलेली. २०१९ मध्ये ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असा अंदाज तेव्हा सांगण्यात आला होता. पैशाइतकाच महत्त्वाचा फायदा वर्गातला. कासरगोडच्या शाळेतला मेनू आणि तिरुवनंतपुरमच्या शाळेतला मेनू सारखा असेल तर एकच पाठ्यपुस्तक आणि एकच शिक्षक-प्रशिक्षण सगळीकडे चालतं.

एका वेळी इतकी मशीन बदलावी का लागतात, याचं कारण बहुधा दिनदर्शिकेत असतं. मायक्रोसॉफ्टचा एक्सपीसाठीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना फर्मान काढलं, की आधार संपलेल्या विंडोजवर चालणारी एटीएम टप्प्याटप्प्याने बदला आणि जून २०१९ पर्यंत सगळी पूर्ण करा. देशभर विखुरलेल्या एटीएमसाठी एक वर्षाची मुदत ठोक पद्धतीशिवाय पाळणं कठीणच.

चूकही ठोकच होते

ठोक काम करणारं यंत्र चूकही ठोकच करतं. अमेरिकेत अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठात मे २०१४ मध्ये विंडोज ७ची इमेज चुकून सगळ्याच विंडोज मशीनना सुटली. त्यांत डेस्कटॉप होते, लॅपटॉप होते आणि सर्व्हरही होते. त्या कामांच्या यादीतलं पहिलं काम डिस्कचे भाग नव्याने पाडून फॉरमॅट मारण्याचं होतं. चूक लक्षात येताच तंत्रज्ञांनी इमेज सोडणारा सर्व्हर बंद केला. पण तोवर त्या सर्व्हरने स्वतःलाही फॉरमॅट मारून घेतलं होतं. विंडोज चालवणारं मशीन या व्याख्येत तोही बसत होता.

दुसरी चूक इमेज बनवणाऱ्याची. सप्टेंबर २०१४ पासून काही महिने लेनोव्होच्या घरगुती वापराच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच येत होतं. ब्राउझरच्या सुरक्षित पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवलेलं होतं आणि त्याची गुप्त किल्ली प्रत्येक लॅपटॉपवर सारखीच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या संशोधकाने ती किल्ली बाहेर काढून दाखवली. तिचा पासवर्ड होता 'कोमोडिया', म्हणजे ते तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव. ही किल्ली हाती असलेला कुणीही, कॅफेच्या वायफायवर बसून, अशा लॅपटॉपवाल्याला खोटी बँक खरी म्हणून दाखवू शकत होता. एकसारखं ठेवू नये ते एकसारखं राहिलं की काय होतं, याचा याहून ठळक पुरावा नाही. ज्या संस्था नवं मशीन आलं की डिस्क पुसून आपलीच इमेज उतरवत, त्यांना या प्रकरणाची झळ लागायचं कारणच नव्हतं.

इमेज गेली कुठे?

२०१७ पासून मायक्रोसॉफ्ट ऑटोपायलट पुढे करते आहे. लॅपटॉप विकतानाच त्याच्या हार्डवेअरचा ठसा संस्थेच्या नावावर नोंदवला जातो. खोकं थेट कर्मचाऱ्याच्या घरी जातं. तो कंपनीच्या ईमेलने साइन-इन करतो आणि कारखान्यातून आलेल्या विंडोजवरच नियम, सॉफ्टवेअर, परवाने इंटरनेटवरून येऊन बसतात. डिस्क पुसणं नाही, एफ१२ नाही, आयटी विभागात ढीग लावणं नाही. दूरवर विखुरलेल्या कर्मचाऱ्यांसाठी ही पद्धत उत्तमच आहे.

पण इथे इमेज नाहीशी होत नाही, फक्त ती बनवणारा बदलतो. कारखान्याच्या इमेजवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न सुपरफिशनंतर तरी विचारायला हवा. दुसरी अडचण तारेची आहे. साठ मशीनच्या लॅबने एकाच सकाळी सगळं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून ओढायचं ठरवलं तर आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांचं कनेक्शन तिथेच मान टाकेल. अशा ठिकाणी स्थानिक सर्व्हर आणि मल्टिकास्टच कामाला येतात.

आणि वाईट दिवस येतच असतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीन आडवी केली. मशीन सुरूच होत नव्हती, त्यामुळे इंटरनेटवरून त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचवणं जवळजवळ अशक्य झालं. माणसं एकेका टेबलाशी जाऊन डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली टंकत बसली. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच दुरुस्तीचं साधन दिलं, पेनड्राइव्हवरून चालणारं आणि पीएक्सईवरूनही. नेटवर्कवरून मशीन उभं करायची वाट ज्यांनी मोडू दिली नव्हती, त्यांच्या हाती एक जास्तीचा रस्ता होता.

म्हणून एखाद्या संस्थेची पद्धत कितपत पक्की आहे हे ओळखायला मी तिथल्या माणसांना इमेज दाखवा असं म्हणणार नाही. मी विचारीन, की ही फाइल आज रात्री नष्ट झाली तर उद्या तशीच दुसरी बनेल का? उत्तर 'तेवढं एक मशीन जपून ठेवलंय' असं आलं, तर तिथे नक्कल आहे पण ज्ञान नाही. कुणीतरी तीन वर्षांपूर्वी त्यात काय केलं हे आता कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याला हात लावायची भीती वाटते. उत्तर म्हणून लेखी कृती पुढे आली, म्हणजे कुठलं विंडोज, कुठल्या क्रमाने काय टाकायचं, कुठल्या खुणा, काय पुसायचं, आणि तीही यंत्राने वाचून आपोआप चालवता येईल अशी, तर इमेज बेलाशक फेकून द्यावी. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतर ती तशीही नवी करावीच लागणार आहे.